लपवलेली दोन नावे

मराठी विज्ञानकथेविषयी बोलणे निघाले की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. केंब्रिजहून परतलेल्या ख्यातनाम शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षक दबून जातील, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाच्या सचोटीचा नमुना म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि ती सचोटी खरीच आहे.

त्याच्या अकरा वर्षे आधी, १९६३ साली, बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी सुरतेजवळच्या उधन्याला जातो. तोही आपली ओळख लपवतो. डोक्यावर छप्पर मिळावे, माणसांत माणूस म्हणून वावरता यावे, एवढ्यासाठी. त्याच्या विद्वत्तेला मान मिळतो. आणि जात उघड होताच तोच मान देणारे हात त्याच्यावर पडतात.

मराठी साहित्यातली ही दोन लपवलेली नावे आपण आजवर शेजारी ठेवून पाहिली नाहीत. एकाने नाव लपवले ते वाजवीपेक्षा अधिक मिळू नये म्हणून. दुसऱ्याने लपवले ते वाजवी तेवढे तरी मिळावे म्हणून. पहिले नाव उघड झाले तेव्हा कौतुक दुणावले, दुसरे उघड झाले तेव्हा मार पडला. मराठी विज्ञानकथा आणि दलित कथा एकाच भाषेत, एकाच काळात वाढल्या. पण त्या परस्परांना भेटल्या का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रसंगांमधल्या अंतरात आहे.

विज्ञानाचे आकर्षण शोषित माणसाला का वाटते? ज्ञानासाठी तर वाटतेच. पण त्याहून आधी ते वाटते विज्ञानाच्या एका वचनासाठी. विज्ञान म्हणते, मी कोणाचे नाव विचारीत नाही. वीज कोणाच्या घरात पेटायची ते गोत्र पाहून ठरवीत नाही. रेल्वे आली तेव्हा, गिरणी आली तेव्हा, शहर आले तेव्हा गावकुसाबाहेरचा माणूस या वचनावर विश्वास ठेवून घराबाहेर पडला. बागुलांचा नायकही त्याच वाटेने उधन्याला गेला.

पण यंत्राने दिलेले वचन यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाने मोडले. मुंबईच्या गिरण्यांतले उदाहरण आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहे. मागावरच्या धोट्याचा धागा तुटला की तो तोंडाने ओढून काढावा लागे. एका माणसाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. आणि पगार तिथेच अधिक होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. यंत्र विलायतेहून आले, त्याला जात नव्हती. ती त्याला आम्ही इथे दिली. एवढ्याशा लाकडी धोट्यात मनुस्मृती जाऊन बसली!

म्हणून बाबासाहेबांनी यंत्राला शिव्या दिल्या का? नाही. १९४५ सालच्या गांधी-काँग्रेसविषयक ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराला जे उत्तर दिले, ते आपल्या समीक्षेने पुन्हा वाचायला हवे. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा: पशू आणि माणूस यांतला फरक संस्कृतीचा आहे, संस्कृतीसाठी फुरसत लागते, पोटासाठी दिवसभर राबणाऱ्याला फुरसत नसते, ती यंत्रच देऊ शकते. दोष यंत्रात नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे. हा अर्थशास्त्राचा मुद्दा आहेच. पण मला तो साहित्यशास्त्राचाही वाटतो. प्रतिभा दैवी देणगी आहे, असे प्रस्थापित साहित्यशास्त्र सांगत आले. बाबासाहेब सांगतात, प्रतिभेला आधी मोकळा वेळ लागतो. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या आईच्या अंगणात नळ आला की तिच्या मुलीला पुस्तक उघडायला घटकाभर मिळते. नळ हाही साहित्याचा जन्मदाता आहे.

आता पुन्हा विज्ञानकथेकडे वळू. नारळीकरांच्या विज्ञाननिष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. फलज्योतिषाला त्यांनी नुसता विरोध केला नाही. २००८ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने त्याची संख्याशास्त्रीय चाचणीच घेतली. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा महाराष्ट्राने एक निर्भय विवेकवादी गमावला. तरीही त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीशी आपला एक संवाद व्हायचा राहून गेला आहे. या कादंबरीतला वामन हा यंत्रमानव आहे. तो आकाराने लहान, बुद्धीने अफाट. आणि आपल्यासारखे दुसरे यंत्रमानव घडवण्याची विद्या त्याच्या हाती लागली तर माणसाचे काय होईल, ही त्यातली भीती आहे. नाव अचूक आहे. मागताना थोडे मागणारा आणि घेताना सगळे घेणारा.

पण वामन हा शब्द ऐकला की फुल्यांच्या वाचकाला आणखी काही ऐकू येते. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी वामनाची कथा उलटी करून वाचली. तिथे वामन हा आक्रमक आहे आणि बळी हा आमचा राजा आहे. बळीचे राज्य येवो, असे आजही म्हणणारी शेतकरी बाई त्याच राजाची वाट पाहते. त्या दृष्टीने ही कादंबरी वाचली की प्रश्न पडतो: वामन आला, पण या कथेत बळी कुठे आहे? प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ वामनाला घाबरतात, 'मानवजात' घाबरते. पण मानवजात हा शब्द फार मोठा आहे आणि त्याच्या सावलीत पुष्कळ जाती लपतात. ज्याच्या डोक्यावर पाय पडला होता, त्याच्या बाजूने वामनाची गोष्ट कोणी सांगायची?

ती आपण सांगितली नाही. येथे दोष दुसऱ्याकडे ढकलून चालणार नाही. आपल्या समीक्षेने दलित लेखकाला एक सक्ती केली. भोगलेले तेवढेच खरे, असे आपण म्हणालो. त्या काळी ते म्हणणे आवश्यक होते. कल्पनेच्या महालात रमलेल्या साहित्याला वेदनेचा पुरावा हवा होता. पण पुढे तो पुरावाच तुरुंग झाला. दलित लेखकाने आत्मकथन लिहावे, जखम दाखवावी. भविष्याची, ग्रहताऱ्यांची कल्पना दुसऱ्यांनी करावी! ही साहित्यातली नवी वर्णव्यवस्था नव्हे काय? ज्ञान त्यांच्याकडे, भोग आमच्याकडे.

आपली परंपरा मात्र अशी भित्री नाही. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊ साठे यांनी शेषाच्या मस्तकावरची पृथ्वी उचलून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर ठेवली. पुराणातले विश्व मोडून त्याजागी श्रमाचे विश्व उभे करणारी ही कल्पना आहे. ती भोगलेली नव्हे, कल्पिलेली आहे. आणि म्हणूनच तिने हजारो माणसांना ताठ उभे केले.

आजच्या तरुण लेखकासमोर सामग्री कमी नाही. २०१८ पासून गटारात उतरणारा यंत्रमानव केरळात काम करू लागला. २०१९ साली दिल्लीत सुमारे २०० गटारसफाई-यंत्रे आणली गेली. सफाई कामगारांच्या कुटुंबांनाच त्यांची मालकी मिळावी, अशी ती योजना होती. माणूस वाचला, ही मोठी गोष्ट आहे. पण यंत्र आले तरी यंत्रामागे जात तीच का उभी, हा प्रश्न उरतोच. एका बाजूला सुटका, दुसऱ्या बाजूला तोच वारसा. यात कथा नाही, असे कोण म्हणेल?

आणि आता तर लिहिणारे यंत्रच आले आहे. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलीला ते अभ्यास समजावून देते. तिने तीच शंका दहादा विचारली तरी हसत नाही, आडनाव विचारून मग उत्तर देत नाही. हे थोडे नव्हे. पण हे यंत्र शिकते ते आजवर लिहिले गेलेल्या शब्दांवर. ज्यांना शतकानुशतके अक्षर शिवू दिले नाही, त्यांचे शब्द त्या राशीत किती असतील? त्या मुलीने त्याला एका मराठी घराची गोष्ट सांगायला सांगावे आणि ते घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. आपण लिहिले नाही, तर धोट्यासारखी या यंत्रालाही जात चिकटेल. आणि यावेळी ती डोळ्यांना दिसणार नाही.

म्हणून माझे शिक्षक मित्रांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे आहे. वस्तीतल्या वाचनालयात आत्मकथनांच्या शेजारी खगोलशास्त्राचे पुस्तक ठेवा. निबंधाला 'माझे दुःख' हा विषय पुष्कळदा दिला. एकदा 'शंभर वर्षांनंतरची आमची वस्ती' हा विषय देऊन पाहा. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना नोकरीपुरते विज्ञान पुरेसे आहे, असे सांगू नका. शंका घेणे, पडताळून पाहणे आणि जे नाही ते कल्पून पाहणे या तिन्ही गोष्टी गुलामाला मना होत्या. त्या तिन्ही परत मिळवणे हीच व्यक्तीची वाढ.

त्या मुलामुलींतले कोणी उद्या विज्ञानकथा लिहील. तिच्यात बळी असेल, वामनही असेल. ती कथा स्पर्धेला पाठवताना त्याने किंवा तिने आपले नाव पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे. ते लपवण्याची पाळी येऊ न देणे, हे काम आपले आहे.