गाण्यांच्या जन्मकथा : एका लेखनप्रकाराची तपासणी

लोकप्रिय गाण्याची जन्मकथा, म्हणजे ते कसे सुचले, कोणी चाल लावली आणि ते लोकांपर्यंत कसे पोचले याची हकिकत, हा मराठीत आता जवळजवळ स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. दिवाळी अंकांतील लेख, वाद्यवृंदाच्या कार्यक्रमातील निवेदन आणि कलावंतांची आत्मचरित्रे यांतून तो वाढला. परंतु वाढत असताना त्याने आपला सारा भर प्रतिभेच्या क्षणावर ठेवला आणि गाणे ज्या यंत्रणेतून घडते तिच्याकडे बहुधा पाठ फिरवली.

'गीतरामायणा'चे उदाहरण बोलके आहे. पहिल्या गीताचा कागद ध्वनिमुद्रणाच्या वेळी हरवला आणि ग. दि. माडगूळकरांनी ते थोड्या वेळात पुन्हा लिहून दिले, ही कथा आवर्जून सांगितली जाते. तिच्यातून कवीची शीघ्रता दिसते हे खरे. पण 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या या मालिकेत वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत द्यायचे होते. 56 गीतांना सुधीर फडके यांनी चाली लावल्या आणि ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशा वेगवेगळ्या गळ्यांतून गाऊन घेतली. एका हरवलेल्या कागदापेक्षा प्रक्षेपणाच्या या वेळापत्रकाची कथा अधिक थरारक आहे, पण तिला निवेदकांनी फारसा भाव दिलेला नाही. कवी प्रदीप यांना 'ऐ मेरे वतन के लोगो'च्या ओळी सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर उतरवाव्या लागल्या, ही कथाही याच जातीची. असे पाकीट आपल्याकडच्या कवींना फार उपयोगी पडलेले दिसते.

याउलट, कथेचा पुरावा गाण्याच्या शब्दांतच असेल तेव्हा हा प्रकार खऱ्या अर्थाने समीक्षा होतो. शांता शेळके यांच्या 'तोच चंद्रमा नभात' या भावगीताचे, म्हणजे एकच भाव आळवणाऱ्या स्वरबद्ध कवितेचे, मूळ शीला भट्टारिका या कवयित्रीच्या नावावर असलेल्या एका संस्कृत श्लोकात आहे. काव्यशास्त्रकार मम्मटाने तो 'काव्यप्रकाशा'च्या पहिल्याच उल्लासात उद्धृत केला आहे. श्लोकातील स्त्री म्हणते की प्रियकर तोच, चैत्रातील रात्री त्याच, मीही तीच, तरी मन रेवेच्या काठावरील वेतसीच्या झाडाखालीच धाव घेते. शेळके यांनी चैत्रातील रात्र ठेवली, पण बोलणारा पुरुष केला आणि वेदनेची दिशाच फिरवली : श्लोकात प्रीती टिकून आहे, हवे आहे ते जुने ठिकाण, गीतात सारे काही जागेवर आहे, हरवली आहे ती प्रीती. सुधीर फडके यांच्या संयत गायनाला हा बदल किती मानवला, हे ऐकणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

तंत्राचा विचार मात्र अजूनही उपेक्षित आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे लांब कवितेची कडवी गाळावी लागत आणि वाद्यांच्या तुकड्यांनाही मोजकीच जागा मिळे. ते तुकडे वाजवणाऱ्यांची दखल तर त्याहून कमी. प्रभाकर जोग यांच्यासारखा एखादा व्हायोलिनवादक पुढे स्वतःच्या नावाने ओळखला गेला. एरवी तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे छापली जात, साथीदारांची सहसा नसत.