राजाची दहा वर्षं, मेंट्झरचा एक सेट आणि माझं दुसरं प्रकरण

रे रोड स्टेशनजवळ, दारूखान्यातून भंगाराचे ट्रक बाहेर पडतात त्या बाजूला एका गल्लीत छोटी जिम आहे. मी संध्याकाळी तिथं जातो. तिथले सर तरुणपणी स्पर्धा खेळलेले. त्यांचं म्हणणं, एका भागाला वीस सेट मारल्याशिवाय शरीर बनत नाही. समोर विशीतला एक मुलगा आहे. मोबाइलवर माइक मेंट्झरची जुनी भाषणं ऐकून तो एका व्यायामाला एकच सेट मारतो, पण हात थरथरून वजन खाली येईपर्यंत. सर म्हणतात, "चाळीस वर्षं हेच करतोय." मुलगा म्हणतो, "सर, कधीतरी स्वतःच्या डोक्यानं विचार करा ना!"

मी मध्ये पडत नाही. कारण माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी नेमकी हीच गडबड करून ठेवली होती.

ते प्रकरण औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींवर आहे. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या आयुष्यात आधी एक सँडो होता, हे कमी जणांना माहीत असतं. युजीन सँडो म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू, १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात दौऱ्यावरही येऊन गेला. भवानरावांनी त्याची पुस्तकं आणि साधनं विकत घेतली, जवळजवळ दहा वर्षं नेमानं त्याच्या पद्धतीनं व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि वळले ते कायमचेच. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: 'हा स्वतंत्र विचाराचा आदर्श नमुना होय.' मार्गदर्शकांनी त्या 'होय'भोवती गोल काढला आणि समासात विचारलं, "राजांचं चुकलं असतं, तर ते त्यांना कळलं कसं असतं?"

महिनाभर मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं ते असं. दहा वर्षं पैसे आणि घाम घातलेली पद्धत सोडणं सोपं नाही, त्याचं श्रेय राजांना द्यायलाच हवं. पण सँडो त्यांनी केला तिशी-चाळिशीच्या दरम्यान, आणि नमस्कार चाळिशीनंतर. १९०९ मध्ये तर ते गादीवर आले. म्हणजे पद्धत बदलली तेव्हा वय बदललं, दिनक्रम बदलला, जबाबदारी बदलली. फरक कशामुळे पडला? शिवाय आधीच्या दहा वर्षांच्या कमाईवरच नमस्कार उभे राहिले असतील तर? पुढे संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. राज्यकर्ता म्हणून त्यांचा हेतू मला समजतो, पण संशोधक म्हणून मी इथंच अडतो. सगळीच मुलं नमस्कार घालू लागली की तुलना करायला न घालणारा वर्ग उरतच नाही.

आता मेंट्झर. स्वतंत्र विचार करा, हे त्याचं पालुपद, आणि तर्क खरंच रेखीव: वाढ होते ती तीव्रतेमुळे, गरजेपेक्षा जास्त व्यायाम शरीराची भरून यायची ताकद खातो, म्हणून कमीत कमी करा. गोची पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. किती सेटनंतर 'गरजेपेक्षा जास्त' सुरू होतं, हे तर्कानं कळत नाही, मोजावं लागतं. त्याचा गुरू आर्थर जोन्स यानं १९७३ मध्ये कोलोरॅडोत केसी व्हायटरवर प्रयोग केला आणि २८ दिवसांत ६३ पौंड स्नायू वाढल्याचा दावा केला. पण व्हायटर अपघातानंतर आधीच खूप वजन गमावून बसला होता. गेलेलं परत येणं आणि नव्यानं कमावणं, यांत फरक आहे. जोन्स व्यायामाची यंत्रं विकायचा, हेही लक्षात ठेवा. (पेपर वाचताना पैसा कुणाचा आहे, हे मी आता आधी बघतो.)

२०१९ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आधीपासून वजनं मारणाऱ्या ३४ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: एका व्यायामाला एक, तीन किंवा पाच सेट. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. एक सेटवाल्यांचं काम दर खेपेला तेरा-एक मिनिटांत उरकायचं. ताकद तिन्ही गटांत सारखीच वाढली. स्नायूंचा आकार मात्र जास्त सेटवाल्यांचा जास्त वाढला.

माणसं थोडी, आठवडे आठच, त्यामुळे हा निकाल अंतिम मानायचं कारण नाही. पण आकार आणि ताकद वेगवेगळी मोजल्यावर वादाचा चेहराच बदलतो. माझ्या प्रकरणाचं शीर्षकही मी बदललं. 'स्वतंत्र विचाराचा नमुना' गेलं, 'भवानरावांनी काय मोजलं?' आलं. मार्गदर्शकांनी अजून गोल काढलेला नाही. बघू.

परवा जिममध्ये मी त्या मुलाला विचारलं, दंडाचं माप शेवटचं कधी घेतलंस? म्हणाला, "माप कशाला? बेंच दहा किलोनं वाढलीय." पलीकडून सर म्हणाले, "बेंचवर स्टेजला मार्क मिळत नाहीत, बाळा." दोघंही आपणच जिंकलो अशा थाटात परत आपापल्या सेटला लागले.