शिवराई, कंपनी-पैसा आणि ‘दुर्मिळ’ हा शब्द

नाणेसंग्राहकांच्या लेखनांत ‘दुर्मिळ’ या शब्दाइतका सैल वापर दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा होत नसेल. शिवराईवर ‘शिव’च्या जागीं ‘सिव’ दिसलें कीं शिवराई दुर्मिळ. कंपनीच्या पैशावरील वेलींत एखादें पान कमीजास्त भरलें कीं पैसा दुर्मिळ. राणीछाप ढब्बूवर सालाचा आंकडा किंचित् सरकला कीं ढब्बूही दुर्मिळ! इतक्या उदारपणें वांटल्या जाणाऱ्या या पदवीची एकदां परीक्षा होणें अवश्य आहे. आमच्या मतें ती देण्यापूर्वीं दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं पाहिजेत. (१) नाण्यावरील फरक टांकसाळींतील कोणत्या कारणानें उत्पन्न झाला? (२) तसें नाणें एकंदर किती नाण्यांत, व कोणत्या गांवच्या नाण्यांत, किती वेळां आढळलें? पहिल्याचें उत्तर नसेल तर त्या फरकास ‘भेद’ म्हणतां येत नाहीं. दुसऱ्याचें नसेल तर तो भेद ‘दुर्मिळ’ म्हणतां येत नाहीं.

या विचारास चिंचवड-चाकणचा टापू फार सोयीचा आहे. चिंचवडास मोरया गोसावींच्या संस्थानामुळें यात्रेचा राबता असे, व पेशवाईंत तेथें टांकसाळही चालत होती. चाकण हें पुण्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवरील किल्ल्याचें व बाजाराचें ठिकाण. १८१८ सालीं राज्य गेलें, पण शिवराई गेली नाहीं. कंपनीनें १८३५ सालीं सर्व मुलुखासाठीं एकरूप नाणें केलें, १८६२ पासून राणीच्या मुखवट्याचीं नाणीं निघालीं, १८७७ पासून राणीची ‘सम्राज्ञी’ झाली. तरी देशावरील बाजारांत शिवराई चालतच होती. म्हणून या भागांतील एकाच गांठोड्यांत शिवराई, कंपनीचा पैसा व राणीचा ढब्बू एकत्र मिळाल्यास नवल नाहीं. नवल याचें कीं, तिघांनाही आपण एकच माप लावतों.

शिवराई हातघडणीची. तांब्याचा तुकडा वजनास उतरवून दोन ठशांमध्यें धरावयाचा व वरून घण घालावयाचा, ही तिची रीति. ठसा बहुधा तुकड्याहून मोठा. त्यामुळें एका अंगावरील ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगावरील ‘छत्र पति’ हीं अक्षरें एका नाण्यावर संपूर्ण उतरलेलीं क्वचितच दिसतात. ठसे खोदणारे हात अनेक. म्हणून ‘शिव’चें ‘सिव’ होतें, ‘सीव’ही होतें. येथें प्रत्येक ठसा स्वतंत्र असल्यानें प्रत्येक ठशाचा एक भेद मानल्यास भेदांना अंत राहणार नाहीं. तुकड्याबाहेर गेलेलें अक्षर ‘गाळलेलें’ समजून नवा प्रकार कल्पिणें हा तर उघड प्रमाद होय. दुदांडी शिवराईची गोष्ट निराळी. तिच्यावरील ओळींमधल्या दोन दांड्या अनेक ठशांत बुद्ध्या योजलेल्या दिसतात. म्हणून तो खरा वर्ग.

यंत्रावरील नाण्याचा न्याय याच्या उलट आहे. १७९१ व १७९४ सालचीं मुंबई इलाख्याचीं तांब्याचीं नाणीं बर्मिंगहॅमजवळ सोहो येथें मॅथ्यू बोल्टन याच्या कारखान्यांत वाफेच्या बळावर पाडलेलीं आहेत. त्यांच्या एका अंगास कंपनीची मालाच्या गठ्ठ्यांवरील खूण, व दुसऱ्या अंगास तराजू आणि ‘अदल’ हा शब्द आहे. अशा नाण्यांत सारखेपणा हाच नियम. फरक दिसल्यास त्यामागें बहुधा नवा मूळ ठसा, दुसरी टांकसाळ अथवा सरकारी हुकूम असतो. सप्तम एडवर्डचा १९०६ चा पैसा पाहा. त्याच वर्षीं तांबें जाऊन कांसें आलें व पैशाचें वजन १०० ग्रेनांवरून ७५ ग्रेनांवर उतरलें. सालही तेंच, मुखवटाही तोच. हा भेद भिंगानें नव्हे, काट्यानें ठरतो. पंचम जॉर्जच्या १९११ च्या नाण्यांवर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, व १९१२ पासून हत्तीचें चित्र बदललें. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा युद्धकाळीं धातु वांचविण्यासाठीं निघाला, व त्यावरील मुकुटाची घडणही सर्वत्र सारखी नाहीं. या फरकांस कारण दाखवितां येतें. म्हणून त्यांस भेद म्हणावें. झिजलेल्या ठशाची पुसट रेघ या पंक्तीस बसवूं नये.

आतां दुसरा प्रश्न, मोजदादीचा. या बाबतींत रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेला धडा आपण विसरलों आहों. त्यांनीं शिवराईवर लिहिण्यापूर्वीं सुमारें २५,००० शिवराया नजरेखालून घातल्या. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९९ सालीं मराठ्यांच्या टांकसाळींवर निबंध वाचला, तोही याच सुमारास. रानड्यांनीं दप्तराच्या बाजूनें जें केलें तें ॲबटसाहेबांनीं धातूच्या बाजूनें केलें. इतक्या शिवराया त्या काळीं एका माणसास पाहावयास मिळाल्या, यावरूनच त्या केवढ्या विपुल होत्या हें समजतें. एखादें रूप विरळ आहे असें म्हणण्याचा अधिकार अशा राशीपुढें बसणाऱ्यासच पोहोंचतो.

इंग्लंडांतील तांब्या-कांशाच्या नाण्यांचा अभ्यास पेक (१९६०) व फ्रीमन (१९७०) यांच्या ग्रंथांनीं इतका सूक्ष्म झाला, त्याच्या पाठीशींही मोठी रास होती. १९७१ सालीं दशमान नाणें येण्यापूर्वीं तेथील संग्राहक बँकांतून सुट्या पेनींच्या पिशव्या आणून एकेक नाणें तपाशीत. १९३३ ची पेनी मोजकीच पाडली गेली होती, ही गोष्ट टांकसाळीस ठाऊक होती व पिशव्या चाळणाऱ्यांसही पटली होती. आमच्याकडील कंपनी-नाण्यांसाठीं मेजर प्रिडमोर यांची सूची (१९७५ व १९८०) प्रमाण मानतात. टांकसाळ, वजन व साल यांविषयीं तिची योग्यता मोठी आहे. परंतु तींतील विरळतेचीं चिन्हें जशींच्या तशीं देशावर लावणें बरोबर नाहीं. सूचीकारास माहीत असलेल्या संग्रहांत जें विरळ, तें चाकणच्या बाजारांत रोजचें असूं शकेल. आणि कलकत्त्याचें विपुल नाणें येथें क्वचित् पोहोंचलें असेल.

अज्ञानाचा फायदा घेणारे आहेतच. एका अंगास रामपंचायतन अगर मारुती, दुसऱ्या अंगास ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यू. के. एल. वन आणा’ व १८१८ हें साल, अशीं नाणीं मोठ्या किंमतीस दाखविलीं जातात. कंपनीनें असें नाणें कधींही पाडलें नाहीं. हे देवघरांतील टांक होत; चलन नव्हे.

या चर्चेचें अगत्य आतांच कां, हेंही सांगितलें पाहिजे. पिंपरी-चिंचवड व चाकण येथें कारखान्यांमागून कारखाने उठले, जुनीं घरें पाडलीं गेलीं व गांवठाणाची माती उपसली गेली. अशा वेळीं निघालेलें तांबें मोड म्हणून विकलें जातें. संग्राहक त्यांतून चार ‘दुर्मिळ’ नग वेंचतो व उरलेलें काट्यावर टाकतो. तें भट्टींत जातें. घेतलेल्या चारांस चिंच लावून लखलखीत करतो, म्हणजे अक्षरांच्या कडा व जुना लेप दोन्ही जातात. आणि गांवाचें नांव तर लिहिलेलेंच नसतें. या टापूंत शिवराईची जागा कंपनीच्या पैशानें केव्हां व किती वेगानें घेतली, हा आमच्या आर्थिक इतिहासांतील एक मूलभूत प्रश्न आहे. त्याचें उत्तर त्या चार नगांत नाहीं. टाकून दिलेल्या राशींत, तींतील शिवराया, पैसे व ढब्बू यांच्या परस्पर प्रमाणांत आहे. ती रास वितळली कीं तो पुरावा कोणत्याही दप्तरांतून परत मिळणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, गांठोडें हातीं येतांच तें फोडण्यापूर्वीं एकूण नग मोजावे, जातवारी लावावी, गांव व घराची दिशा लिहून ठेवावी, प्रत्येकीं नाहीं तरी जातीजातीचें वजन घ्यावें, आणि नाणीं घासूं नयेत. जमिनींतून निघालेली ठेव दहा रुपयांवरील असल्यास १८७८ च्या कायद्यान्वयें कलेक्टरास कळविणें भाग आहे. तेथें आपली मोजदादही सोबत द्यावी. विरळ नग ज्याचा त्यानें सुखानें ठेवावा. मात्र तो ज्या राशींतून आला तिची यादी ज्याच्यापाशीं नाहीं, त्याच्या लेखांतील ‘दुर्मिळ’ हा शब्द अभ्यासकांनीं प्रमाण मानूं नये.