चौकट, सही आणि भिंत

चित्राच्या चौकटीखालीं पितळेची पट्टी असली व तींत एखादें मोठें नांव कोरलेलें असलें, म्हणजे पाहणाराचा डोळा प्रथम त्या पट्टीकडे जातो, आणि पुष्कळदां तेथून वर येतच नाहीं. मोरीस उत्रिलो या फ्रेंच चित्रकाराच्या नांवावर विकलीं जाणारीं रस्त्यांचीं चित्रें पाहतांना आम्हांस ही गोष्ट विशेष जाणवते. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवरची चढती गल्ली, दोन्ही अंगांस पोपडे आलेल्या पांढुरक्या भिंती, मिटलेल्या खिडक्या, दूर घुमटाचें टोंक आणि कोपऱ्यांत सही, असें चित्र लिलावांत आलें तर तें उत्रिलोचें म्हणून ओळखण्यास शाळकरी मुलासहि अडचण पडूं नये. खरी अडचण तीच आहे. कारण जें इतकें सहज ओळखतां येतें, तें तितक्याच सहज उठवितांहि येतें.

उत्रिलो १८८३ सालीं मोंमार्त्र येथें जन्मला व १९५५ सालीं वारला. त्याची आई सूझान व्हालादों ही रेन्वारसारख्या चित्रकारांपुढें नमुना म्हणून बसे. पुढें ती स्वतः नामांकित चित्रकर्त्री झाली. मुलगा तरुणपणींच दारूच्या आहारीं गेला, तेव्हां मन कोठें तरी गुंतावें म्हणून तिनें त्याच्या हातीं कुंचला दिला. उत्रिलो हें आडनांव १८९१ सालीं एका स्पॅनिश कलावंतानें त्याला कागदोपत्रीं दिलेलें. आणि सहीच्या शेवटीं तो अनेकदां आईच्या आडनांवाचें आद्याक्षर जोडीत असे. ज्या सहीवर आज एवढी उलाढाल होते, ती अशी अर्धी उसनी आहे.

त्याची कीर्ति ज्या चित्रांवर उभी आहे, तीं साधारणपणें १९०९ ते १९१४ या काळांतलीं. यास 'श्वेत काल' म्हणतात. जस्ताच्या सफेत्यांत प्लास्टर मिसळून तो भिंती रंगवी, त्यामुळें रंगाला खरोखरीच्या गिलाव्याचा खरखरीतपणा येई. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रांतील 'आँपास कोतँ' या चित्रांत एका अरुंद बोळापलीकडे विशेष कांहीं नाहीं. तरी त्या भिंतींजवळ उभें राहिलें असतां अंगाला गारवा लागावा, असें वाटतें. पांढरा म्हणून एकच रंग तेथें नाहींच. कोठें तो राखेकडे झुकतो, कोठें पिवळसर होतो, कोठें ओल चढल्यासारखा काळवंडतो. आमच्या मतें उत्रिलोची परीक्षा करावयाची ती येथें. नक्कल करणारा डाग काढतो ते शोभेसाठीं, भिंतभर सारखे पसरून. चांगल्या उत्रिलोंत डाग पडतात ते पन्हळीखालीं, खिडकीच्या कडेखालीं, जेथें पाणी खरोखर गळावें तेथें.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. उत्रिलो पुष्कळदां छापील पोस्टकार्डें समोर ठेवून चित्रें काढी. तेंच कार्ड दुसऱ्याच्याहि हातीं पडूं शकतें, तेव्हां रचनेवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. शिवाय 'लापँ आजिल' या मद्यगृहाचें चित्र त्यानें किती वेळां काढलें! उत्तरायुष्यांत तर त्याच्या हातून गोडगुलाबी व निर्जीव अशीं कितीतरी चित्रें बाहेर पडलीं, आणि तीं निःसंशय त्याचींच आहेत. 'हें इतकें सामान्य आहे, तर त्याचें नसावें' हा रसिकांचा आवडता युक्तिवाद म्हणूनच येथें लंगडा पडतो. चित्र कोणाचें, हा एक प्रश्न. चित्र कसें, हा दुसरा. बाजार या दोहोंची गांठ मारून देतो. टीकाकारानें ती सोडविली पाहिजे.

चौकट तर काढूनच ठेवावी, कारण ती केव्हांहि बदलतां येते. पुठ्ठ्याची वा कापडाची मागील बाजू तिच्याहून अधिक बोलते. रसायनशास्त्रहि मदतीस येतें. टायटॅनियमचा सफेता १९२० च्या सुमारापर्यंत चित्रकारांच्या सहसा हातीं आला नव्हता. कांपेंडोंक या जर्मन चित्रकाराचें १९१४ चें म्हणून एक चित्र २००६ सालीं कोलोन येथें अठ्ठावीस लाख युरोंहून अधिक किंमतीस गेलें. पुढें त्यांत हाच सफेता सांपडला, आणि तें रंगविणाऱ्या बेल्त्राकीला २०११ सालीं सहा वर्षांची शिक्षा झाली. तथापि ज्या लबाडानें चित्रावर १९३० सालच घातलें असेल, त्याच्यापुढें ही कसोटी मुकी आहे. मग उरते पेत्रिदेस यानें १९५९ पासून प्रसिद्ध केलेली उत्रिलोच्या चित्रांची अनेक खंडांची सूचि. पण हा पेत्रिदेस त्या चित्रांचा व्यापारीहि होता, हें ती चाळतांना ध्यानांत असलेलें बरें!

ज्यांच्या दिवाणखान्यांत असें चित्र पूर्वींपासून आहे, त्यांनीं तें भिंतीवरून उतरविण्याची घाई करूं नये. त्या गल्लींत अजून पाय रमत असेल तर तेवढें त्यांचें आहेच. नव्यानें विकत घेणाराची गोष्ट निराळी. विक्रेत्याच्या यादींत 'उत्रिलो यांचें' असें न लिहितां 'उत्रिलो यांचें मानलें जाणारें' असें लिहिलेलें असल्यास, तेवढ्या शब्दांनीं त्यानें कशाची हमी आपल्या अंगावरून झटकली आहे आणि त्या मानानें किंमत कितीशी उतरविली आहे, हें त्यास तोंडावर विचारावें.