पद्मिनीचा पदन्यास

मागच्या पाट्याच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, पुढल्या टोकाला एक गोल डोळा असतो आणि त्या डोळ्यात रबराचा बुश बसवलेला असतो. आकाराने अगदी लहान, मुठीत सहज लपेल एवढा. बाहेर रबर, आत पोलादी नळी आणि नळीतून आरपार गेलेला बोल्ट. जुन्या प्रीमियर पद्मिनीखाली पाठीवर निजून दिव्याचा झोत त्या जागी धरला, की आपल्याला आधी दिसतो तो वर्षानुवर्षांच्या चिखलाचा आणि तेलाचा काळा लेप. तो खरवडला की रबराची कड उघडी पडते. ती तडकलेली असते, एका अंगाला चेपलेली असते आणि मधली नळी आपला मध्यबिंदू सोडून कडेला सरकलेली असते. आता एवढेच आठवू या, की पद्मिनीचे इंजिन पुढे आहे आणि जोर मागच्या चाकांवर. चाके रस्त्याला मागे रेटतात, त्यातून उपजणारा पुढचा रेटा ॲक्सलमधून पाट्यात येतो, पाट्यातून या डोळ्यात आणि डोळ्यातून गाडीच्या देहात. खंडाळ्याचा चढ चढताना माणसे, त्यांच्या पेट्या, टपावरचे सामान आणि गाडीचा सारा पोलादी पसारा पुढे सरकतो तो डाव्या-उजव्या अशा दोन मूठभर रबरांच्या आधाराने. हे एकदा ध्यानात आले, की त्या तडकलेल्या कडेकडे पाहण्याची आपली दृष्टीच पालटते आणि गाडीखालच्या त्या अंधाऱ्या, ओशट जागेत मन रमू लागते.

सस्पेन्शनचे काम काढले की बहुतेकांच्या मनात ‘ढिले झालेले आवळून घेणे’ एवढाच अर्थ असतो. परंतु गाडीचा हा भाग हलण्यासाठीच जन्मलेला आहे. चाकाने खड्ड्यात उतरावे आणि उंचवट्यावर चढावे, पुढच्या चाकाने त्याखेरीज डावी-उजवीकडे वळावे, एवढ्या हालचालींना रचनाकाराने मोकळीक दिली आहे. बाकी सगळ्या दिशांना त्याने ठाम नकार दिला आहे. चाकाने मागे-पुढे सरकू नये, कडेला झुकू नये, वळल्याविना भटकू नये. झीज होते ती या नकारांची. एकेक नकार दुबळा होत जातो, चाकाला नको त्या वाटा सापडतात, आणि मग स्टिअरिंग हातात बोटभर पोकळ फिरते, खडीच्या रस्त्यावर ‘खट खट’ ऐकू येते, टायर एका कडेने घासतो. एकेक भाग बदलत जाताना आपण तो मूळचा नकार परत उभा करत असतो आणि त्याच क्षणी मूळची मोकळीकही उजळून निघते. या कामातला रस मला तरी इथेच सापडतो.

पद्मिनी या रसास्वादाला विशेष अनुकूल आहे, कारण तिच्यात सारे काही उघड आणि वाचता येण्यासारखे आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली आणि 1974 पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुळातला आराखडा इटलीचा, 1953 च्या फियाट 1100-103 चा. पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र दोन भुजा आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि त्याखाली पाटे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने या रचनेने शहराचे खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि पावसाळे सोसले. ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, टॅक्सी म्हणून तिचा काळ आटोपला. आज उरल्या आहेत त्या खासगी मालकांच्या, जिवापाड जपलेल्या. त्यांचे किंगपिन आणि बुश शोधायला माणसे पुन्हा कुर्ल्याच्याच जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जातात, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो.

पुढच्या चाकाची परीक्षा ही स्वतंत्र आस्वाद घ्यावा अशी गोष्ट आहे. गाडी जॅकवर उचलून घोडीवर टेकवली की चाक अधांतरी येते. एक तळहात चाकाच्या माथ्यावर आणि दुसरा तळाशी धरून आपण ते आत-बाहेर डोलवून पाहतो. मग हात डाव्या-उजव्या कडांवर नेऊन पुन्हा तेच. पहिल्या डोलण्यात किंगपिन नाहीतर चाकाचे बेअरिंग बोलते, दुसऱ्यात प्रामुख्याने टाय रॉडचे सांधे. पण किंगपिन आणि बेअरिंग यांतला दोषी कोण? इथे जुने मिस्त्री जी युक्ती करतात तिला दाद द्यावी तितकी थोडीच. ते पोऱ्याला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगतात. ब्रेक दाबताच ड्रम आणि त्यामागची स्थिर तबकडी एकजीव होतात, बेअरिंगमधली पोकळी त्या पकडीत विरून जाते. चाक आता डोलायचे थांबले तर झीज बेअरिंगची, आणि तरीही डोलत राहिले तर निःसंशय किंगपिनची. ना यंत्र, ना मापक. एका पायाच्या दाबाने शंकेचे दोन भाग वेगळे केले. न्यायशास्त्रातल्या एखाद्या निर्मळ अनुमानाचे सौष्ठव त्यात आहे, आणि ते अनुमान ग्रीसने माखलेल्या हातांनी सिद्ध होते, म्हणून मला ते अधिकच प्रिय आहे.

किंगपिन म्हणजे पोलादाचा एक उभा, कडक केलेला दांडा. त्याच्याभोवती स्टब ॲक्सल वळतो, म्हणजेच चाक वळते. दांड्याला वर आणि खाली पितळी वर्णाच्या मिश्रधातूचे बुश असतात आणि त्यांना ग्रीस पोचावे म्हणून बाहेर छोटे निपल. ग्रीस वेळच्या वेळी मिळाले नाही की ही जोडी एकमेकांना खाऊ लागते. जुना दांडा बाहेर आला की नखाने चाचपून पाहावा. जिथे भार पडतो त्या अंगाला एक उथळ खाच नखाला अडते, आणि दुसऱ्या अंगाला मात्र मूळची झळाळी तशीच असते. गाडीचे वजन कोणत्या बाजूने कुठे टेकत होते, याचा लेखच तो.

नवा बुश दाबून बसवला की तो किंचित आक्रसतो, आणि नवा दांडा त्यात जात नाही. तसाच असतो तो, जाणूनबुजून कमी व्यासाचा. मग छिद्र रुंदावणारा रीमर येतो. वरचा आणि खालचा बुश एकाच सरळ रेषेत यावा म्हणून लांब रीमर दोहोंतून एकदम फिरवायचा, फिरवायचा तो एकाच दिशेने, तेल सोडत, आणि दर थोड्या वेळाने थांबून, पुसून, दांडा घालून पाहायचा. कुशल हात इथे ओळखू येतो. अंगठ्याच्या दाबाने दांडा आत सरकावा, पण स्वतःच्या वजनाने खाली घसरू नये, एवढीच मोकळीक हवी. ती केसाएवढी वाढली तर सारा खर्च वाया आणि केसाएवढी कमी पडली तर स्टिअरिंग जड. हा क्षण पाहायला मिळावा म्हणून गॅरेजच्या दारात ताटकळत उभे राहणे मला कधीच व्यर्थ वाटलेले नाही.

याच दांड्यात आणखी एक गूढ आहे. तो अगदी उभा नसतो, त्याचा माथा गाडीच्या आत किंचित कललेला असतो. या कलामुळे स्टिअरिंग कुठल्याही बाजूला वळवले, की गाडीचा पुढचा भाग कणभर वर उचलला जातो, कारण चाक त्या तिरक्या अक्षाभोवती फिरताना खाली जाऊ पाहते आणि खाली तर जमीन आहे. डोळ्यांना न दिसणारी ती उचल आपण हातांनी केलेली असते. हात सैल सोडले की उचललेले वजन खाली येऊ पाहते आणि चाके आपसूक सरळ होतात. वळण संपताना स्टिअरिंग तळव्यांतून सरसर मागे फिरते, तो सुखद स्पर्श आपल्या परिचयाचा आहे. त्याच्यामागे चाकांची इतर भूमितीही आहे, पण त्यातला मोठा वाटा गाडीच्या स्वतःच्या वजनाचा. झिजलेल्या बुशात ही भूमिती डळमळते, म्हणून जुनी गाडी वळणातून बाहेर येताना रेंगाळते.

आता मागे वळू या, पाट्यांकडे. मुख्य पाटा सर्वांत लांब, त्याखालचे उत्तरोत्तर आखूड, मधोमध सेंटर बोल्ट आणि ॲक्सलला कवटाळणारे यू-बोल्ट. ही जुडी सोडवून पाटे शेजारी शेजारी मांडले, की एक सूक्ष्म गोष्ट नजरेत भरते. त्यांची वक्रता सारखी नाही. जो जितका आखूड, तो तितका अधिक वाकलेला. एकावर एक ठेवले तर मधे फट राहते, आणि सेंटर बोल्ट आवळत नेल्यावर ती फट मिटते. त्या मिटण्यातच सगळी खुबी आहे. आखूड पाटे मुख्य पाट्याला भार येण्याआधीच वरच्या दिशेने ताणून धरतात, म्हणजे प्रत्यक्ष भार आला की मुख्य पाट्याच्या वाट्याचा ताण तेवढा हलका होतो. थोरल्याच्या दोन्ही टोकांना डोळे आहेत, गाडीशी नाते त्याचेच, तो तुटला तर सारेच कोसळणार. म्हणून धाकट्यांनी त्याला आधीच सावरून घ्यावे, अशी ही योजना. आपल्याकडचे पाट्याचे कारागीर बसका झालेला पाटा ऐरणीवर धरून थंडच हातोड्याने ठोकत त्याचा बाक परत आणतात. घाव जवळजवळ, एका मापाचे, टोकाकडे विरळ होत जाणारे. तो नाद ऐकण्यासारखा असतो.

पाट्याच्या मागच्या टोकाला शॅकल असतो, झोपाळ्यासारखा लोंबणारा. भार आला की बाक उतरतो आणि पाटा लांब होतो, त्या वाढीव लांबीला जागा द्यायला शॅकल मागे झुलतो. पुढचे टोक अचल राहून रेटा पोचवते, मागचे टोक झुलून सवड देते. एकाच पट्टीच्या दोन टोकांना असे दोन स्वभाव दिलेले पाहून मन प्रसन्न होते.

शॉकॲबसॉर्बरबद्दल थोडक्यात. स्प्रिंगने साठवलेली उसळी तेलाच्या बारीक वाटांतून पिळून काढून तिची उष्णता करून टाकणे हे त्याचे काम. नवा बसवण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण ताणावा-दाबावा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने तेलात मिसळलेली हवा वर जाते. तसे करताना हाताला जाणवणारा तो घट्ट, सलग, मधासारखा विरोध आणि मग जुना घेऊन पाहिल्यावर मधेच लागणारी रिकामी जागा, एवढ्या तुलनेत सारे समजते.

माझ्या मते या साऱ्या कामाचा परमोच्च बिंदू मात्र शेवटच्या आवळण्यात आहे, आणि घाईत नेमका तोच हरवतो. रबरी बुशाचा बोल्ट पक्का आवळला की आतली नळी जखडली जाते. त्यापुढे पाटा किंवा भुजा हलते ती रबर पिळून. तिथे काहीच घसरत नाही, घासत नाही, म्हणून या जागी ना तेल लागते ना ग्रीस. प्रश्न एवढाच, की रबराने आपली विसाव्याची स्थिती कोणती मानावी? गाडी घोडीवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबण्यालाच विसावा समजेल. मग गाडी जमिनीवर उतरताच ते पिळले जाईल, उभ्या गाडीतही पिळलेलेच राहील, आणि लवकरच फाटेल. म्हणून जाणता मिस्त्री सारे बोल्ट नुसते बोटांनी लावून घेतो, गाडी चाकांवर उतरवतो, पुढून-मागून दाबून तिला दोन-चार हेलकावे देतो, ती आपल्या उंचीवर स्थिर झाली की पुन्हा खाली शिरतो आणि तेव्हा पाना चालवतो. रबराला विश्रांती मिळावी ती नेमकी गाडी उभी असते त्या ठिकाणी. केवढा हा नाजूक विचार, आणि किती साध्या क्रमपालटाने साधणारा! नव्या गाड्यांतही रबरी बुशाच्या बाबतीत हाच नियम चालतो. गॅरेजात ‘गाडी खाली घेऊन आवळा’ असे सांगायला आपण संकोचू नये.

एवढे झाले की चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, कारण टाय रॉडला हात लागला आहे. मग गाडी रस्त्यावर काढावी. पहिल्याच गतिरोधकावर पुढचे अंग चढते, उतरते आणि थांबते, मागचे त्याच्यामागून चढते, उतरते आणि थांबते. चार पावले, चारही वेगळी आणि स्वच्छ. सांध्यावरची खटखट नाही, ओलांडल्यानंतरचे तरंगणे नाही. डांबराचा पोत, पुलाचा सांधा, रस्त्याचा उतार हे सगळे तळहातांना पुन्हा वाचता येते आणि स्टिअरिंगवरचा तो अस्वस्थ, सतत सावरणारा हात हलका होतो. थोडे अंतर चालून नवे पाटे एकमेकांवर नीट बसले, की यू-बोल्टची पकड किंचित उतरते. तेव्हा पाना घेऊन पुन्हा एकदा खाली जावे, ते आवळावेत आणि खाली गेलोच आहोत तर किंगपिनच्या निपलना ग्रीसगन लावून जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत दाबत राहावे.