कोलामी व गोंडी : शब्दयाद्यांचें परीक्षण

शिरड शहापुराहून ईशान्येस कयाधू व पैनगंगा ओलांडली म्हणजे पुसद तालुका लागतो. तेथील भिल्ल म्हणविणाऱ्या लोकांच्या एका बोलीची नोंद ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या चौथ्या खंडांत आहे. हा खंड स्टेन कोनो यांनीं सिद्ध केला व तो १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. पुसद पूर्वीं वाशीम जिल्ह्यांत मोडत असे. बोलीचें नांव भिली. परंतु नमुना वाचूं जातां खानदेश-गुजराथेकडील भिलीशीं तिचें कांहींच नातें लागत नाहीं. ती द्राविडी आहे, आणि कोलामीशीं जवळजवळ एकरूप आहे. नांवावरून भाषा व भाषेवरून वंश ठरविणाऱ्यांस हा एक दाखला पुरेसा व्हावा. आमच्या कळमनुरीकडील आंध लोक मराठीच बोलतात. त्यांच्या नांवावरून थेट आंध्र-सातवाहनांपर्यंत उडी मारण्याचा मोह मात्र अनेकांस आवरत नाहीं.

प्रस्तुत टिपण लिहिण्याचें कारण असें कीं, कोलामी ही गोंडीचीच पोटबोली होय हें जुनें मत अद्यापि आमच्या मंडळींत अधूनमधून डोकें वर काढतें, व त्याच्या पुष्ट्यर्थ दोन रकान्यांची शब्दयादी पुढें ठेवण्यांत येते. अशा याद्यांची परंपरा आदरणीय आहे. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापले, त्यांत शब्दसंग्रह आहेत. पुढें वुल्सली हेग यांनीं १८९७ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत गोंडी व कोलामी यांचा तौलनिक शब्दसंग्रह दिला. फारसी तवारिखांच्या अभ्यासकांस हेच हेग बदायूनीच्या तिसऱ्या भागाचे भाषांतरकार म्हणून परिचित आहेत. या मंडळींनीं जमविलें तें मोलाचें आहे. दोष याद्यांचा नाहीं, त्या वाचण्याच्या रीतीचा आहे.

डोळा, दोन्हींकडे कन्. दात, दोन्हींकडे पल्. दूध पाल्, विस्तव किस्. इतकें साम्य दिसलें कीं वाचक दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी ठरवून मोकळा होतो. परंतु तमिळांतहि डोळ्यास कण् व दातास पल् असेंच म्हणतात. कानडींत विस्तवास किच्चु म्हणतात. आणि जुन्या कानडी लेखांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हल्लु व हालु हीं रूपें मूळच्या पल् व पाल् यांचींच आहेत हें सांगावयास नको, कारण शब्दारंभींचा प त्या भाषेंत कालांतरानें ह झाला. सारांश, हे शब्द सर्व द्राविड कुळाचें वडिलार्जित धन आहेत. दोन घरांत एकाच पणजोबांचीं भांडीं सांपडलीं, एवढ्यावरून त्या घरांतले लोक सख्खे भाऊ ठरत नाहींत.

येथें स्वतःचीहि कबुली देणें भाग आहे. शाळेंत संस्कृत शिकविण्याच्या पहिल्या उमेदींत मीं एक वही केली होती. तींत गोंडी पाल् हा शब्द संस्कृत पालन शब्दावरून आला, बालकाचें पालन करतें तें पाल्, असें मोठ्या ऐटींत लिहिलेलें आहे. धातुपाठ मुखोद्गत असला म्हणजे जगांतील कोणताहि शब्द कोणत्या ना कोणत्या धातूंत बसवितां येतो. वही अजून जवळ आहे. कोणास दाखवीत नाहीं.

हा रोग केवळ आमचाच नव्हे. न्यूझीलंडांत एडवर्ड ट्रेगियर यांनीं १८८५ सालीं ‘आर्यन माओरी’ नांवाचें पुस्तक लिहिलें. माओरी शब्दांतील ‘कौ’ या अवयवांत त्यांस आपली संस्कृत गाय दिसूं लागली. वास्तविक त्या बेटांवर युरोपीय लोक येईपर्यंत गाय नव्हतीच. पुढच्याच वर्षीं आर्थर ॲटकिन्सन यांनीं त्याच रीतीनें वाटेल तें सिद्ध होतें असें दाखवून पुस्तकाची यथेच्छ थट्टा केली. माओरीचें खरें गोत निघालें तें समुद्रापार, फिलिपाइन्सच्या टॅगलॉगपर्यंत पसरलेलें. तें कसें ठरलें हें पाहण्यासारखें आहे. टॅगलॉग लिमा (पांच), माओरी रिमा. लांगित् (आकाश), रांगी. वालो (आठ), वारु. एकीकडे ल तर दुसरीकडे र, असें पुनःपुन्हां घडतें. तसेंच पितो (सात) व फितु, आपात् (चार) व फा. येथें प चा फ-सारखा उच्चार झाला आणि शब्दान्तींचें व्यंजन माओरीनें टाकून दिलें. आपात् व फा हे कानास अगदीं परके, तरी नियमानें एकाच मुळाचे. उलट टॅगलॉगमधील गुरो, मुखा, दिवाता हे शब्द ऐकून आम्हां संस्कृतज्ञांस भरतें येतें. पण ते दळणवळणानें आलेले पाहुणे आहेत. त्यांच्या आधारें टॅगलॉगला कोणी संस्कृताची कन्या म्हणूं लागला तर तें माझ्या वहींतल्या पाल् सारखेंच होईल.

हीच कसोटी आतां गोंडी-कोलामीस लावूं. ‘दोन’ यास तमिळांत इरंडु, कानडींत एरडु; परंतु तेलुगूंत रेंडु व गोंडींत रंड्. घरास तमिळ व जुन्या कानडींत इल्. गोंडींत रोन्, कांहीं ठिकाणीं लोन्. उखळास कानडींत ओरळु, तेलुगूंत रोलु. म्हणजे तेलुगु व गोंडी यांत शब्दारंभींचा स्वर मागें सरून र किंवा ल पुढें आलेला आढळतो. कुई भाषेंतहि ही उलटापालट आहे. कोलामींत काय दिसतें? दोन वस्तूंस इंदिङ्, घरास एल्ला. स्वर आपल्या जागीं कायम आहे. तेलुगु, गोंडी, कुई यांनीं मिळून केलेल्या या बदलांत कोलामी सामील झाली नाहीं. तिचे जवळचे आप्त नायकी, बस्तरकडील परजी व ओडिशांतील गदबा हे होत. माझ्या मतें वादाचा निकाल या दोन लहान शब्दांत लागतो. डोळा-दातांची शंभर शब्दांची यादी तो लावूं शकत नाहीं.

संख्यावाचकांत आणखी एक खळगा आहे. कोलामीची स्वतःची मोजणी ओक्कोद्, इंदिङ्, मूंदिङ्, नालिङ् येथें संपते. पांचापासून पुढचे ऐद्, आर् इत्यादि शब्द तेलुगूकडून उसने घेतलेले आहेत. गोंडीचे सैयुङ् (पांच), सारुङ् (सहा) मात्र घरचे. यादी करणारा कोलामी आर् व गोंडी सारुङ् समोरासमोर मांडून एक गुण देतो, आणि साक्षीदार कोलामी नसून तेलुगु आहे हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं. टॅगलॉग बोलणारे घड्याळाची वेळ स्पॅनिश आंकड्यांनीं सांगतात. तेवढेंच ऐकून कोणी तुलनेस बसला तर त्याचीहि अशीच फसगत व्हावयाची.

या विषयांत मराठी वाचकांस अभिमान वाटावा असें नांव सेतुमाधवराव पगडी यांचें. शिवकालाचे व मोगल साधनांचे अभ्यासक म्हणून ते आपणांस माहीत आहेत. परंतु निजामी राज्याच्या नोकरींत आदिलाबादेस असतां ते गोंडी व कोलामी शिकले, आणि १९५० सालीं त्यांचें कोलामीचें व्याकरण प्रसिद्ध झालें. एमेनो यांनीं वर्धा जिल्ह्यांतील कोलामीवर १९५५ सालीं स्वतंत्र ग्रंथ काढला. एमेनो व बरो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ सालचा, त्याची दुसरी आवृत्ति १९८४ ची; पगडींनीं नोंदलेले शब्द तेथें वेगळ्या खुणेनें दाखविले आहेत. कोशकार दोघेहि संस्कृताचे प्राध्यापक होते, हें आम्हां पंडितांनीं विसरूं नये.

कोशाबद्दल माझी तक्रार एकच आहे. उसने शब्द गाळणें हा व्युत्पत्तिकोशाचा धर्म खरा. पण बाजार, सारा, पाटील-कुळकर्णी यांच्या संबंधानें कोलामींत शिरलेले मराठी शब्द हीच इतिहासाच्या दृष्टीनें खरी दप्तरें आहेत. आर्य भाषांतून द्राविडींत गेलेल्या शब्दांची निराळी पुस्तिका त्याच दोघांनीं १९६२ सालीं काढली, परंतु कोशाच्या मानानें ती अगदींच लहान आहे. तें काम येथल्या माणसांनीं करावयाचें होतें.

आणि त्यास अवधि थोडा आहे. यवतमाळकडील व किनवट-माहूरकडील कित्येक कोलाम कुटुंबांत आतां मराठीच चालते. कोलाम जमातीची गणना सरकारनें महाराष्ट्रांतील तीन विशेष दुर्बल जमातींत केली आहे. जुने रुमाल मिळविण्यासाठीं आपले सभासद वाडे-मठ पालथे घालतात. त्यांपैकीं कोणी कोनोंचा १९०६ चा नमुना बरोबर घेऊन पुसद तालुक्यांत जावें, वृद्ध माणसांकडून तेच शब्द पुन्हां लिहून घ्यावे, आणि दोन, घर व पांच हे तीन शब्द प्रथम विचारावे.