सात हजारांच्या पुढे

कावासाकी निंजा २५०आर ही गाडी आधी ऐकावी, मग बघावी. बघणारे तसेही पुष्कळ असतात. सिग्नलला थांबलं की शेजारच्या स्कूटरवरून "केवढ्याला पडली?" आणि "ॲव्हरेज किती देते?" हे दोन प्रश्न येतातच. फेअरिंगच्या धारदार रेषांमुळे लोकांना ही फार मोठी गाडी वाटते. इंजिन मात्र २४९ सीसीचं. रुबाब हजार सीसीचा आणि पोटात अडीचशे, ही विसंगती काहींना फसवणूक वाटते. मला तिच्यातच या गाडीची गंमत दिसते.

तर आवाज. शेजारी शेजारी दोन सिलिंडर. एकाचा पिस्टन वर असतो तेव्हा दुसऱ्याचा खाली. या रचनेमुळे दोन्हीकडचे स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत. चार मात्रांचं आवर्तन धरलं, तर पहिल्या दोन मात्रांवर ठोके पडतात आणि पुढच्या दोन रिकाम्या जातात. गाडी जागेवर नुसती सुरू असताना हे आवर्तन सेकंदाला दहा-अकरा वेळा फिरतं. मोजता येत नाही, पण ती रिकामी जागा कानाला जाणवते. त्यामुळे सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू केली की कानावर जेमतेम एक कुरकुर येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची निराशा होते. बुलेटवाले तर उघड हसतात. त्यांना हसू द्यावं. इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्या दाखवणारा काटा चढायला लागला की रिकाम्या मात्रा बुजत जातात, सात हजारांच्या आसपास खरखर सरते आणि सूर सलग होतो. तिथून पुढे अकरा हजारांपर्यंत तो नुसता चढत जातो. लाल रेघ तेरा हजारांवर आहे.

याचं कारण इंजिनाच्या मापात आहे. सिलिंडरचा व्यास ६२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव फक्त ४१.२. धाव आखूड असल्यानं पिस्टनला दर फेरीत थोडंच अंतर कापावं लागतं, म्हणून तो भराभर फेऱ्या मारू शकतो. या इंजिनाचे जेमतेम ३३ हॉर्सपॉवर मिळतात ते ११,००० आरपीएमला. कंपनीच्या कागदावरची ही एक ओळ नीट वाचली, तर गाडीचा सगळा स्वभाव कळतो. खालच्या फेऱ्यांत तिच्याकडून काही मिळणार नाही. हवं असेल तर वर जावं लागेल.

आता हे इंजिन घेऊन रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचं. चांदणी चौक ओलांडून बायपासला लागलं की सहाव्या गिअरमध्ये ताशी ६०ला काटा साडेचार हजारांच्या जरा वर असतो. पुढे ट्रक आहे, उजवी लेन मोकळी झाली, म्हणून थ्रॉटल पिळला, तर गाडी फक्त हं म्हणते. पाचवा, चौथा, तिसरा असं खाली यायचं. त्याच साठाला काटा आता सात हजारांच्या पुढे गेलेला असतो, आणि आता पिळलं की तीच गाडी एकदम जागी होते. डाव्या पायाला अशी उसंत नाही. गिअर दाखवणारा आकडासुद्धा नाही, कितव्यात आहोत ते कानानंच ओळखायचं. रोज ऑफिसला जायला ही कसली गाडी, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल, आणि सोयीच्या हिशेबानं त्याचं बरोबरच आहे.

माझा हिशेब वेगळा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेघेपर्यंत गेलं तरी वेग ताशी ८५च्या आतबाहेर राहतो. म्हणजे रस्ता मोकळा असेल, तर हे इंजिन तळापासून टोकापर्यंत पुरतं वापरून घेता येतं. हजार सीसीच्या गाडीवर पहिला गिअरही संपत नाही आणि वेग शंभराच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. ती गाडी मालकाला कधी पूर्ण वाचताच येत नाही. निंजा २५०आर रोज वाचता येते, तीही बावधन ते बाणेर एवढ्या तुकड्यात.

ही गाडी आपल्याकडे आली २००९ साली. जपानी कंपनीची, थायलंडमध्ये घडलेली आणि पुण्याच्या बजाजनं इथे जोडून विकलेली. त्याच बजाजनं ऐंशीच्या दशकात कावासाकीबरोबर केबी१०० काढली होती, त्यामुळे पुण्यातल्या जुन्या मेकॅनिकांना कावासाकी हे नाव नवं नव्हतं. २०१३मध्ये निंजा ३०० आली आणि २५०आर बंद झाली.

त्यानंतरच्या मालकीत रस आहेच, तापही आहे. वाकडच्या कोंडीत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट गुडघ्यांवर येते. मे महिन्यात ती असह्य होते, उगाच कौतुक करण्यात अर्थ नाही. एबीएस नाही, त्यामुळे पावसाळ्यात पुढच्या ब्रेकवर बोटं जपून ठेवावी लागतात. नुसता स्पार्क प्लग बघायचा तरी टाकी उतरवावी लागते, आणि तिथवर पोचायला फेअरिंगचे स्क्रू काढावे लागतात. एखादा घाईचा मेकॅनिक त्यात प्लॅस्टिकची खाच मोडून ठेवतो, मग ती फेअरिंग खड्ड्याखड्ड्याला टकटक वाजत राहते. चेनला तेल मी घरीच घालतो. पार्टसाठी मात्र फोनाफोनी करावी लागते.

काटे खरे आहेत हे मला या गाडीत सर्वांत जास्त आवडतं. वेग, फेरे, पेट्रोल या तिन्ही गोष्टी काट्यांवर. स्क्रीनवरचा आकडा एकदम बदलतो. काटा मात्र सात हजारांकडे चढताना दिसतो, त्याच क्षणी कानात सूर बदलतो आणि टाकीला टेकलेल्या मांड्यांना बारीक कंप जाणवतो. डोळा, कान आणि अंग यांना एकच गोष्ट एकाच वेळी कळावी, अशी जुळणी फार थोड्या यंत्रांत साधलेली असते.

तुमच्या सोसायटीत अशी एखादी निंजा कव्हरखाली धूळ खात पडलेली असेल, तर मालकाला सांगा: बॅटरी बदला, जुनं पेट्रोल काढून टाका, टायर बघून घ्या आणि गाडी बाहेर काढा. चालवायची नसेल, तर चालवणाऱ्याला विका.